नाव, गाव आणि किलो

नागपूरच्या एका दवाखान्यात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वजन उतरवायचं ऑपरेशन झालेल्यांची आणि करू पाहणाऱ्यांची बैठक असते. दुसरा शनिवार म्हणजे आमच्या पतसंस्थेला सुट्टी, त्यामुळे वर्ध्याहून सकाळची गाडी पकडली की मी अकराच्या आत हॉलमध्ये असते. त्या हॉलमधल्या एकाही खुर्चीला हात नाहीत. साध्या माणसाच्या हे लक्षातही येणार नाही. लग्नाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना खुर्ची बरोबर उचलली गेलेल्या माणसाला मात्र दारातच दिसतं.

बैठकीत कोणाचं नाव बाहेर न्यायचं नाही असं ठरलेलं आहे. म्हणून इथे मी माणसं गावावरून लिहिते. तशीही आमच्या विदर्भात ती पद्धत आहेच.

सुरुवात ओळखीनं होते. डाएटिशियन मॅडम म्हणतात, चला, इकडून सुरू करा. मग एकेक जण उभा राहतो. नाव, गाव, कोणतं ऑपरेशन, कधी झालं, तेव्हा किती किलो, आज किती. शेवटचा आकडा आला की टाळ्या. बँकेत खातं उघडायला आलेला माणूस जसा धडाधड माहिती देतो, तसं चालतं.

मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते टाळ्यांचं नव्हे. मी "एकशे तेरा" म्हणाले आणि एकाही माणसानं मान वर करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं नाही, याचं. पतसंस्थेत मी कॅश काउंटरला बसते. तिथं मला नावानं ओळखणारे कमीच. "त्या जाड्या मॅडमकडे भरा" असं शिपाई सांगायचा, तेही वाईट हेतूनं नाही, पत्ता सांगावा तसं. मी तोंड उघडायच्या आधी माझी ओळख झालेली असायची. म्हणून नव्या माणसासमोर मीच आधी स्वतःवर एखादा विनोद टाकून मोकळी व्हायचे. तो तयार विनोद त्या दिवशीही माझ्या जिभेवर होता, पण तिथं तो घेणारं गिऱ्हाईकच नव्हतं. शेजारी एकशे बेचाळीसच्या बाई बसल्या होत्या आणि पलीकडे कधीकाळी एकशे सत्तरचे असलेले पोलीस दादा.

सगळ्यांत झकास ओळख हिंगणघाटच्या भाऊंची. ते जिनिंगमध्ये कामाला आहेत. उभे राहिले, रामराम घातला आणि म्हणाले, "मी तं दीड क्विंटल होतो बाप्पा. घरचा काटा मले घेतच नोता. जिनिंगच्या काट्यावर चढलो तवा समजलं. आता सत्त्याण्णववर आलो. डॉक्टरनं कडता कापला." कापसाच्या मुलखात कडता म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. व्यापारी दर क्विंटलमागे जो कापून घेतो आणि शेतकरी ज्याच्यासाठी शिव्या देतो, तो. हॉल हसून लोटपोट झाला. गंमत म्हणजे काट्याची गोष्ट मग प्रत्येकाकडे निघाली. कोणी भंगारवाल्याकडे वजन केलेलं, कोणी किराणा होलसेलमध्ये पोती तोलतात त्यावर, दुकान बंद व्हायच्या वेळी, नवऱ्याला पहाऱ्याला उभं करून.

पण ही बैठकीतली ओळख म्हणजे शिष्टाचाराची झाली. त्याआधी वॉर्डातली एक ओळख असते, तिला कसलेच शिष्टाचार नसतात.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी सिस्टरनं मला उठवून चालायला लावलं. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पायांत घट्ट मोजे, हाताशी सलाईनचा स्टँड, अंगात मागून बांधायचा गाऊन. (गाऊन मला पूर्ण पुरत होता, उलट दोन्ही बाजूंनी उरत होता. आयुष्यात हे पहिल्यांदाच, आणि तेही दवाखान्यात.) दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो नंतर खांद्यात दुखतो. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये आम्ही चौघं एक खांदा उचलून स्टँड ढकलत चाललो होतो. समोरून आलेल्या काकांनी विचारलं, "स्लीव्ह का बायपास?" नाव नाही, गाव नाही.

"बायपास."

"गॅस पास झाला का?"

आमच्या घरी हा विषय सासऱ्यांसमोर निघाला असता तर मी स्वयंपाकघरात पळाले असते. इथं मी गंभीरपणे म्हणाले, "नाही हो काका, अजून नाही." काका म्हणाले, "होईल, होईल, चालत राहा," आणि पुढच्या वळणावर गेले. रात्री उशिरा ते परत भेटले तेव्हा लांबूनच हात वर करून आपला झाला असं सांगितलं. त्यांचं आडनाव मला दुसऱ्या दिवशी कळलं. श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र देतात, ते ओढून गोळे वर उचलायचे असतात. कोणाचे किती गोळे वर जातात यावरही तिथं माणूस ओळखला जायचा. मी दोन गोळेवाली होते. प्यायला औषधाच्या इवल्याशा कपातून ३० मिली पाणी, तेही घोट घोट, आणि आम्ही ते चहाच्या टपरीवर उभं राहिल्यासारखे एकत्र पीत होतो.

"स्लीव्ह का बायपास" हा प्रश्न म्हणजे आमच्यातलं गोत्र. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. घ्रेलिन नावाचं भूक चेतवणारं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसती जागाच नव्हे तर भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाचा छोटा कप्पा करतात, ३० मिलीच्या आसपास, आणि तो लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच असतं, फक्त अन्न त्या वाटेनं जात नाही. मला बायपास सुचवलं कारण माझी तीन महिन्यांची साखर नऊच्या वर होती आणि ॲसिडिटी इतकी की रात्री बसून झोपायचे. स्लीव्हनं ॲसिडिटी वाढू शकते. बाहेरच्यांना एवढा भेद कळत नाही. आमच्याकडे दोन्हीला एकच नाव आहे, "ते गडकरींनी केलं ते." गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही. त्याचा विदर्भातल्या किती घरांना उपयोग झाला असेल! माझ्या सासूबाई होकार देईनात. "नितीनभाऊंनी केलं होतं नं आई," एवढ्यावर काम झालं.

मॅडमसमोर देतो त्या ओळखीच्या आधी आणखी एक ओळख असते, विम्याच्या खिडकीवर. तिथं नाव विचारतात ते फक्त कार्ड जुळवायला. खरा प्रश्न बीएमआय. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझी उंची १५७ सेंटीमीटर, वजन ११३, उत्तर जवळजवळ ४६. विमा नियामकानं २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींत आकडा ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयरोग असं काहीतरी. डॉक्टरांचा आकडा मात्र वेगळा आहे. आपल्या लोकांना कमी वजनातच साखर आणि बीपी गाठतं, म्हणून भारतीय डॉक्टर ३७.५ आणि आजार असेल तर ३२.५ धरत आले, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा असं म्हटलंय. म्हणजे डॉक्टर म्हणणार करा, आणि खिडकीवरचा मुलगा म्हणणार बसत नाही. बैठकीत एक गृहस्थ उभे राहून म्हणाले होते, "मी चौतीस." सगळ्यांना वाटलं वय सांगतायत. माणूस पन्नाशीचा. तो बीएमआय होता, त्याच आकड्यावर अडून बसलेले बिचारे.

नवीन माणूस ओळख करून देताना हटकून एक यादी वाचतो. काय काय करून झालं त्याची. दीक्षित झाले, दिवेकर झाल्या, जिमचे वर्षाचे पैसे भरून झाले, कोमट पाण्यात लिंबू-मध, कपालभाती, सासरच्या कोणीतरी सांगितलेला जवसाचा काढा. कोणी मागितलेली नसते ही यादी. मला ती ऐकताना राग येतो, त्या माणसाचा नव्हे. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं "तोंडावर ताबा ठेव" म्हणून ऐकवलं आणि आता "शॉर्टकट घेतला" म्हणणार आहेत, त्यांचा. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींनी आम्हा सगळ्यांचं वजन उतरलं होतं. परतही आलं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, ते काही आमच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. आणि शॉर्टकट म्हणाल तर, आधी जठराची दुर्बीण, सोनोग्राफी, झोपेची तपासणी, मानसतज्ज्ञाशी बोलणं. मग लिव्हर लहान व्हावं म्हणून द्रव आहार. ऑपरेशननंतर पुन्हा पाणी, मग ताक-सूप, मग मऊ वरण. जेवताना पाणी नाही, रोज प्रोटीन मोजायचं, आणि कॅल्शियम, लोह, बी-१२, डी ही औषधं जन्मभर. चौथ्या महिन्यात केस हातात येतात. कोणाला हा रस्ता छोटा वाटत असेल तर त्यांनी जरूर चालून पाहावा.

हॉलबाहेर आमची ओळख वेगळीच असते. बाहेर आम्ही सगळे हर्नियावाले. नाहीतर पित्ताशयवाले. मी ऑफिसात हर्निया सांगितला. यवतमाळच्या वहिनींनी पित्ताचे खडे सांगितले, आणि पुढे वजन झपाट्यानं उतरल्यावर त्यांना खरोखरच खडे झाले. तसं होऊ शकतं, म्हणून तर सुरुवातीचे महिने त्यासाठी गोळी देतात. आता त्यांच्या नणंदेला प्रश्न पडलाय की पित्ताशय दोनदा कसं काढलं. मी रजेवरून परतले तेव्हा सहकारी म्हणाली, "हर्नियानं इतकं बारीक होतात? मला कुठं मिळेल?" मी हसले. एकानं मुलाच्या नोकरीचा पेढा दिला, मी अर्धा खाल्ला आणि दहा मिनिटांत घामाघूम, छातीत धडधड. बायपासवाल्यांना गोडानं होतं असं. तेव्हा उन्हाळ्यावर ढकललं, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात ते कोणालाही पटतं.

बैठकीत यावर एकदा वाद झाला. पोलीस दादा म्हणाले, आपणच लपवलं तर लोकांना कळणार कसं, मी तर ठाण्यात सगळ्यांना सांगितलं, पट्ट्याची जुनी भोकंसुद्धा दाखवली. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला माणूस ऑफिसात हिंडून सांगतो का? मग माझ्याच आतड्याचा हिशेब का मागता? पुरुष सांगतो तेव्हा "काय हिंमत केली" म्हणतात आणि बाईनं सांगितलं की "स्वयंपाक कोण करतं आता घरी?" हे मी तिथं बोलले. दादा गप्प बसले, पण पटलं नसावं.

किलोवर टाळ्या वाजवण्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मॅडमना सांगितलीय. टाळ्या उतरलेल्या वजनाला मिळतात, म्हणून ज्यांचं वर जायला लागतं ते येणंच बंद करतात. आणि मग नव्या लोकांना वाटतं की इथं सगळ्यांचं उतरतच राहतं. याला अपवाद अमरावतीच्या मॅडम. साडी चापून नेसलेल्या, हायस्कूलच्या असाव्यात असा आवाज. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं स्लीव्ह २०१७ चं. एकशे चोवीसवरून एकाहत्तरवर आले होते. आज त्र्याण्णव आहे. बावीस किलो परत आलेत, म्हणून मी पण परत आले."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. त्या थांबल्या नाहीत. कोविडमध्ये घरी बसून तुकड्या-तुकड्यानं खाणं सुरू झालं. पोळी एका वेळी एकच जायची, पण चिवडा, बिस्कीट, आंब्याचा रस, आइसक्रीम हे मऊ आणि बारीक सगळं सुरळीत खाली उतरतं, त्याला लहान जठर अडवत नाही. तपासणीला येणं लाजेनं सोडलं, गोळ्या कंटाळ्यानं सोडल्या. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं निघालं. आता डॉक्टर आधी वजन उतरवायचं इंजेक्शन द्यायचं का स्लीव्हचं बायपास करायचं, ते बघतायत. (२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली तेव्हापासून निम्मे नवे लोक इंजेक्शनचंच विचारायला येतात. त्यांचं उत्तर डॉक्टर देतात, मी देत नाही.) त्या अर्ध्या तासात लोकांनी वहीत जेवढं लिहून घेतलं तेवढं एरवी कधी घेतलेलं मी पाहिलं नाही. मीही घरी आल्यावर कॅल्शियमची बाटली किती दिवसांपासून तशीच आहे ते पाहिलं.

काही लोक किलो सांगतच नाहीत, दुसरंच सांगतात आणि मला ते जास्त आवडतात. भंडाऱ्याच्या ताई म्हणाल्या, "पंगतीत मांडी घालून बसले." एक जण म्हणाला, ऑटोत आता ड्रायव्हर तिसरं माणूस बसवतो. दुसरा म्हणाला, बुटाची नाडी स्वतः बांधतो. एका आजोबांनी झोपेत श्वासासाठी लावायचा मास्क आता लागत नाही असं सांगितलं आणि आजींनी मागून "घोरणं पण" अशी पुस्ती जोडली.

आणि आता चंद्रपूरच्या मायलेकी. मुलगी तेवीसची, आई पन्नाशीची. ओळख द्यायची वेळ आली तेव्हा आईच उभी राहिली. "ही माझी मुलगी. बीकॉम झालीये. पीसीओडी आहे. लग्नाचं बघतोय, पण वजनामुळं कोणी पुढं जात नाही. म्हणून ऑपरेशन करायचंय." मुलगी खाली बघून ओढणीचं टोक गुंडाळत होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुम्ही बसा. ती बोलेल." आई बसली. बराच वेळ पंख्याचा आवाज. मग मुलगी उभी न राहताच म्हणाली, "मी एकशे आठ. मला गुडघे दुखतात आणि जिना चढवत नाही, म्हणून करायचंय. लग्नाचं आईला विचारा, तिला करायचंय."

मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, किलो न उतरताच. डॉक्टरांनी मग आईला समजावलं की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी मूल होऊ द्यायचं नाही, वजन झरझर उतरत असताना बाळाला पोषण पुरत नाही; शिवाय पाळी नियमित झाली की दिवसही लवकर राहू शकतात, तेव्हा घाई नको. आईचा चेहरा पडला. मुलीचा उजळला.

पुढे मुलीचं ऑपरेशन झालं. बऱ्याच महिन्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या. मुलगी या वेळी उभी राहिली, नाव सांगितलं, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय म्हणाली, पॅथॉलॉजीचे तीन मजले चढून आले म्हणाली, किलो विसरूनच गेली. मॅडमनी विचारल्यावर सांगितलं, शहात्तर. टाळ्या झाल्या. ती बसली तशी आई उठली. सगळ्यांना वाटलं आता लग्नाचं काढणार.

"माझं वजन अठ्ठ्याण्णव आहे," आई म्हणाली. "शुगर आहे, बीपी आहे, गुडघे तर हिच्याआधीचे गेलेत. मला पण डॉक्टरांना दाखवायचंय. कोणाला सांगू नका, यांनासुद्धा माहीत नाही."

मॅडमनी पेन काढलं. "उंची किती काकू?"

"ते कोण मोजतं?" म्हणाल्या, आणि लेकीला म्हणाल्या, "ऊठ, ती पट्टी कुठं लावलीये बघ."